हैबतीचा हात

कोंडाजीचा उजवा हात कापायला लागला तेव्हा त्याने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर शेजारच्या हैबतीच्या हाताकडे बघितलं. डॉक्टर नंतर, देव नंतर, बायको तर त्याहूनही नंतर. हैबती दोन घरांमधल्या गडग्यावर बसून तंबाखू मळत होता. अंगठा तळव्यावर एकसारखा फिरत होता आणि एक कणही खाली सांडत नव्हता. कोंडाजीच्या पोटात दुखायला लागलं ते त्या दिवसापासून.

कुडपणच्या पठारावर, वरच्या वाडीत, ही दोन घरं एकाच दगडी गडग्याच्या दोन बाजूंना. कोंडाजी थोडा मोठा, म्हणून हैबती त्याला दादा म्हणायचा. दोघांनी मिळून गुरं राखली, दोघांची लग्नं एकाच मांडवात लागली, आणि मिसरूड फुटल्यापासून दर थंडीत दोघं मिळून खाली महाडच्या खोऱ्यात उतरायचे. आंब्याला मोहोर आला की बागवाल्यांना फवारणीची माणसं लागत. काम पायपंपाचं. एकाने पायाने दांडा दाबत राहायचं, दुसऱ्याने लांब बांबूला बांधलेली नळी वर धरून झाड शेंड्यापासून धुऊन काढायचं. दमलं की अदलाबदल. पिंपातलं औषध ढवळायला काठी कोण शोधत बसतो? कोपरापर्यंत हात घालायचा की झालं. तोटी तुंबली तर तोंडाने फुंकायची. फवारा वाऱ्याने उलटा फिरून डोक्यावर, मानेवर यायचा आणि दुपारी त्याच हाताने भाकरी मोडायची. बागेचा मालक नाकाला रुमाल लावून लांब उभा राहायचा, आणि ह्या दोघांना त्याच्या नाजूकपणाचं हसू यायचं.

म्हणून तर कोंडाजीचा जळफळाट व्हायचा. महाडच्या डॉक्टरांनी तपासून 'कंपवात' असं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, वेळच्या वेळी घ्या म्हणाले. इतकी वर्षं औषध फवारलंत, त्याचाही हात असू शकेल, असंही म्हणाले. कोंडाजीने ते ऐकलं आणि बाहेर येऊन बायकोला म्हणाला, "पिंप येकच व्हता. नळी येकच व्हती. मंग त्याला कसा काय नाय झाला?"

सगुणाबाई म्हणाली, "अवो, त्याला नाय झाला ते बरा नाय का?"

ह्या प्रश्नाचं उत्तर कोंडाजीजवळ होतं, पण ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं.

मत्सराने माणसाची नजर फार बारीक होते. कोंडाजीला चष्मा लावूनही एसटीची पाटी वाचता येत नव्हती, पण गडग्यापलीकडे हैबतीने सुईत दोरा ओवला तर तो लगेच दिसायचा. हैबती काठोकाठ भरलेला कप उचलून बशीत ओतायचा, हैबती वस्तऱ्याने स्वतःची दाढी स्वतः करायचा, हैबती लग्नाच्या पत्रिकेवर नावं घालायला बसायचा. कोंडाजी हे सगळं पाहायचा आणि वाट पाहायचा. एकदा, फक्त एकदा तो हात चुकावा. कपातला चहा जरासा सांडावा. सांडायचा नाही. कोंडाजी मग दिवसभर घरच्यांवर गुरगुरायचा.

एवढ्यावर निभावलं असतं, पण मध्ये चांदरी आली. चांदरी म्हणजे कोंडाजीची म्हैस. कपाळावर पांढरा चांद, स्वभाव एखाद्या मानकरणीचा. पहिल्या वेतापासून तिची धार फक्त कोंडाजीने काढलेली. सगुणाबाईचे गुडघे गेलेले, तिला खाली बसवत नाही. पोरगा नीलेश मुंबईला. कोंडाजी चरवी घेऊन बसला, कासेवरून पाण्याचा हात फिरवला आणि "हो माजे बाय" म्हणाला की चांदरी डोळे मिटून पान्हा सोडायची. साऱ्या वाडीला हे ठाऊक होतं आणि कोंडाजीला त्याचा गर्व होता. गावात त्याला दुसरं काय मानाचं होतं म्हणा.

हात कापायला लागला तशी चांदरी बिथरली. कासेला थरथरणारी बोटं लागली की ती अंग चोरायची, मग दूध चोरायची, मग लाथ. एका सकाळी चरवी उपडी झाली आणि सगुणाबाईने न राहवून गडग्यावरून हाक मारली, "भावजी, जरा येता काय?"

हैबती आला. पदर सावरावा तसं त्याने धोतर सावरलं, खाली बसला, चांदरीच्या पोटाला कपाळ टेकवलं. क्षणभर काहीच झालं नाही आणि कोंडाजीने देवाचे आभार मानले. मग चरवीत धार वाजली. सर्र, सर्र, दोन्ही हातांची, अगदी लयीत. चांदरीने डोळे मिटले होते. खांबाला टेकून कोंडाजी तो आवाज ऐकत राहिला. बायको एखाद्या परक्या पुरुषाशी हसून बोलली असती तरी त्याला एवढं लागलं नसतं.

त्या दिवसापासून हैबती सकाळ-संध्याकाळ येऊ लागला. धार काढायचा, सगुणाबाईचा चहा प्यायचा, "दादा, बरा हाय ना?" असं विचारायचा. त्या विचारण्यात काही खोट नव्हती आणि कोंडाजीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो त्यामुळेच. खोट असती तर भांडता आलं असतं.

नीलेशने फोनवरून तोडगा काढला. "बाबा, टेन्शन कशाला घेताय? म्हैस काकांच्या गोठ्यात शिफ्ट करून टाका ना. दूध आपल्याला देतीलच की ते."

"मी मेल्याव ने म्हणावा," कोंडाजी म्हणाला आणि फोन सगुणाबाईच्या हातात कोंबला. त्याला पक्कं कळलं होतं, चांदरी गडग्यापलीकडे गेली की कोंडाजी नावाचा माणूस वाडीच्या हिशेबातून गेला. मग उरला तो नुसता बाजेवरचा म्हातारा.

दिवाळीला रंजिता आली. कोंडाजीचा धाकटा भाऊ काशीराम महाडात शिक्षक आहे, चवदार तळ्याच्या मागच्या बाजूला राहतो, त्याची ही मुलगी. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशींवर काम करते. थोरल्या चुलत्याचा तिला लळा. लहानपणी सुट्टीत येऊन त्याच्याबरोबर गोठ्यात शेण भरू लागलेली पोर ती. आल्या दिवशी सकाळी ती घमेलं घेऊन गोठ्यातच शिरली आणि कोंडाजी दारात बसून बघत राहिला.

"आबा, तुम्हाला वास येतो का?" तिने मध्येच विचारलं.

"शेणाचा? नाय गो. कसलाच नाय येत. ते तर हात कापायच्या कितीतरी आदीपासना गेला. बागंत सगळ्यांना औषदाचा वास लागायचा, मला लागायचा नाय. मला वाटला, मी ताकदीचा हाय."

रंजिता थांबली. "ह्या आजारात पुष्कळांचा वास आधी जातो. हात बऱ्याच वर्षांनी कापायला लागतो. वास गेला म्हणजे आजार होणारच असं नाही हं, त्याला शंभर कारणं असतात. पण डॉक्टरांना सांगायला हवं होतं."

मग कोंडाजीने तिला ते विचारलं, जे त्याला रात्रंदिवस खात होतं. एकाच पिंपातलं विष दोघांच्या अंगात गेलं. मग एकाचाच हात का?

रंजिताने घमेलं खाली ठेवलं. "हे बघा, मेंदूतली एकेक पेशी म्हणजे एकेक गोठा समजा. आत काम चालतं, तशी रोज घाण होते. झिजलेले तुकडे, मोडलेले भाग. पेशी ते सगळं स्वतःच गोळा करते, पिशवीत भरल्यासारखं भरते, विरघळवते, आणि त्यातलं कामाचं पुन्हा वापरते."

"म्हंजे शेण काढायचा, उकिरड्याव टाकायचा नि त्याचा खत करायचा."

"अगदी तेच. अंगातल्या बाकीच्या पेशी मेल्या तर पुष्कळदा नव्या येतात. ह्या पेशींचं तसं नाही. जन्माचं तेच जनावर मरेपर्यंत सांभाळायचं. म्हणून तिथला गोठा रोज साफ व्हावाच लागतो. आता काही कीटकनाशकं काय करतात, तर घाण एकदम वाढवतात. काही तर शेण काढणाऱ्यालाच आजारी पाडतात. घाण साचते आणि जनावर गुदमरतं. आम्ही काचेच्या बशीत पेशी वाढवतो आणि त्यांना थोडं विष देतो. ज्यांची सफाई वाढवलेली असते त्या तग धरतात. जिची सफाई बंद पाडली ती लवकर मरते."

कोंडाजीने गडग्यापलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे हैबतीचा गोठा साफ हाय."

"तसं कुणाबद्दल कसं सांगणार, आबा? माणसामाणसांत फरक असतो. काही जन्मापासूनचा, काही..."

पण कोंडाजीला जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. आता ह्या जळण्याला काय म्हणावं! शेजाऱ्याचं शेत डोळ्यांत खुपतं, घर खुपतं, सून खुपते, हे आपण पाहतो. ह्या बाबाला शेजाऱ्याच्या मेंदूतली साफसफाई खुपू लागली. हैबतीच्या डोक्यात म्हणे कुणीतरी इमानाने उठून शेण काढतंय आणि आपल्या डोक्यात सगळे घोरत पडलेत!

"ती सफाई वाढते कशानं?" त्याने विचारलं.

"उपाशी ठेवलं की पेशी आधी घरातला कचराच खायला काढते. उंदरांमध्ये तसं दिसलंय. पण माणसांमध्ये..."

पुढचं ऐकायला कोंडाजी थांबला नाही. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. हैबती सोमवार धरतो! तरणा होता तेव्हापासून, बागेतसुद्धा, सोमवारी हा गडी भाकरीला शिवायचा नाही. आणि कोंडाजी त्याच्या वाटणीचीही खाऊन वर त्याला हसायचा. असं आहे होय! हे गुपित हैबतीने जन्मभर पोटात ठेवलं! बिचाऱ्या हैबतीला पेशी कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं, पण कोंडाजीने त्याला गुन्हेगार ठरवून टाकलं.

दुसऱ्या आठवड्यापासून कोंडाजीने सोमवार धरला. हैबतीवर मात करायची म्हणून गुरुवारही धरला, वर शनिवार, आणि आल्या एकादश्या-चतुर्थ्या सोडल्या नाहीत. सगुणाबाईला वाटलं नवऱ्याला उतारवयात देव आठवला. तिने मोठ्या भक्तीने दाण्याचं कूट घालून साबुदाण्याची खिचडी करावी, वरीचा भात करावा, त्यावर दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी आणि शेवटी केळं. उपासाच्या दिवशी कोंडाजी एरवीच्या दुप्पट जेवू लागला. हात होता तसाच कापत राहिला आणि पोट मात्र सदऱ्याबाहेर डोकावू लागलं.

मग एका सोमवारी त्याने गडग्यावरून निरखून पाहिलं. हैबती दिवसभर नुसत्या पाण्यावर. ना खिचडी, ना केळं, त्या दिवशी सगुणाबाईचा चहासुद्धा नाही. कोंडाजीला स्वतःचा संताप आला. आपण शेण काढायचं सोडून गोठ्यात आणखी वैरण कोंबत होतो! त्याने लागलीच कडकडीत उपास सुरू केला, आणि तिथेच घोळ झाला. गोळी पोटात गेली तर उपास मोडतो, असं त्याने आपल्याच बुद्धीने ठरवलं. उपासाच्या दिवशी गोळ्या बंद. सगुणाबाईला सांगितलं, घेतल्या.

माघातल्या एका संध्याकाळी तो हट्टाने चांदरीखाली बसला. हैबती यायच्या आत आपण धार काढायची, अशी जिद्द. बसला खरा, पण उठता येईना. पाय लाकडासारखे ताठ झाले, मान वळेना, तोंडातून शब्द फुटेना. चांदरीने एकदा वळून पाहिलं. लाथ मारली असती तर एक वेळ परवडलं असतं, पण तीही मारली नाही. ती बाजूला सरकून उभी राहिली. हैबती चरवी घेऊन आत आला तेव्हा कोंडाजी शेणात कलंडलेला होता.

हैबतीने त्याला पाठीवर घेतलं. गोठ्यातून घरात, घरातून रस्त्यावरच्या जीपपर्यंत. वाडी दारात उभी राहून बघत होती. कोंडाजीचं तोंड हैबतीच्या मानेवर टेकलेलं, आणि त्याला एवढंच कळत होतं की आपल्याला धरलेले ते दोन्ही हात जराही हलत नाहीत. रडू आलं त्याला. दुखण्याचं नव्हे, रागाचं.

पोलादपुरात सलाईन लागलं. रंजिताने फोनवर मुलाहिजा ठेवला नाही. "आबा, मी उंदरांची गोष्ट सांगत होते! काचेच्या बशीतल्या पेशींची! माणसांसाठी असं औषध अजून हातात नाही, उपासानं हा आजार बरा होतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. तुम्हाला तुमच्या गोळ्याच तारणार. त्या अशा मध्येच बंद केल्या तर माणूस जातो, कळतंय का?"

"हैबती सोमवार धरतो," कोंडाजी पुटपुटला.

"धरू देत. त्यांचा हात सोमवारमुळे चांगला आहे हे तुम्हाला कोण म्हणालं?"

नीलेश मुंबईहून धावत आला आणि ह्या वेळी त्याने विचारलं नाही, सांगितलं. शिमगा झाला, पालखी घरोघर फिरून सहाणेच्या चौथऱ्यावर बसली, की चांदरी काकांच्या गोठ्यात जाईल. शेणात पडलेल्या माणसाने काय बोलावं!

तो दिवस उजाडला. चांदरी जाण्याआधी तिच्या दुधाची खीर करून कोंडाजीला आणि हैबतीला घालायची, असं सगुणाबाईने ठरवलं. चुलीवर दूध आटायला ठेवलं आणि ती हळदकुंकवाचं ताट घेऊन गोठ्यात गेली. हैबती दावं घेऊन आला होता. कोंडाजीला दिसू नये म्हणून ते त्याने मांडीखाली दडवलं. दोघं चुलीपासून दोन हातांवर, पाठ करून बसले होते.

"दादा, तुला वाटला तवा धार काडायला ये. गडगा काय, उडी मारली की पलीकडं."

"मी आता उड्या मारतो व्हय?" कोंडाजी खेकसला आणि नेहमीसारखा त्या हाताकडे बघत राहिला. तंबाखू मळणं चाललं होतं. एक कण सांडत नव्हता.

एवढ्यात सगुणाबाई ओरडतच आत आली. "अगो बाय माजे! पार तळाला करापला! पाणवठ्यावरच्या बाया इचारतायत कोणाचा दूद जळला म्हणून, नि तुमी दोगं हितं बसलाव! नाकं काय खुंटीला टांगलीव? ह्यांना येक नाय येत वास, भावजी, तुमचा काय झाला?"

हैबती ओशाळं हसला. "सर्दी गो वयनी. दोन-तीन सालं झाली, नाक चोंदल्यागत झालाय. काय कळतच नाय."

कोंडाजी ताठ बसला. खोटं कशाला सांगा, पहिल्या झटक्याला त्याला आनंद झाला. खरा, पोटातून वर आलेला आनंद. आला! हाही आला आपल्या वाटेला! इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते दाराशी येऊन उभं होतं. तो उठला, परसात गेला, गवती चहाचं पान तोडून चुरगळलं आणि परत येऊन हैबतीच्या नाकाखाली धरलं.

"कसला वास?"

"पानाचा."

"कसल्या पानाचा?"

"पान म्हंजे पान. दादा, काय चाललाय तुजा?" हैबती हसत होता. त्याने हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही.

तेव्हा कोंडाजी पान टाकून त्याच्या शेजारी बसला. पेशी, पिंप, सोमवार, सगळं मागे पडलं आणि त्याला आपली शेणातली संध्याकाळ आठवली. पायांचं लाकूड झालेलं, जीभ टाळ्याला चिकटलेली. तिथे उद्या हैबती. आणि हैबतीला उचलायला कोण? आपल्या पाठीवर तर आता पेंढीसुद्धा राहत नाही. शंभर कारणं असतात, रंजिता म्हणाली होती. त्या शंभरांतलं कुठलंही एक असू दे, त्याने मनात म्हटलं. नुसती सर्दी असू दे.

त्याने हैबतीच्या मांडीखालचं दावं ओढून काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "ने तिला. पन उद्या माज्यासंगती महाडला चल, डॉक्टरकडं."

"मला काय झालाय?"

सांगावं? सांगितलं तर हा आजपासूनच स्वतःच्या हाताकडे बघत बसेल. जन्मात ह्या माणसाकडे त्याने काही मागितलं नव्हतं. मागावं लागू नये म्हणून तर एवढा जळला होता.

"तुला नाय काय झाला," तो म्हणाला. "मला सोबत पायजे. येकट्याला येस्टीत चडवत नाय. हात धरशील काय माजा?"

हैबतीला एवढा आनंद झाला की त्याने दावं खाली ठेवून तिथल्या तिथेच कोंडाजीचा हात धरला.

सकाळची एसटी कुडपणहून सुटली आणि घाट उतरायला लागली. खाली महाडात कोंडाजी डॉक्टरांना सगळं सांगणार होता, आधी हैबतीच्या नाकाचं, मग जमलं तर स्वतःचं. हैबतीने एका हाताने पुढच्या बाकाचा दांडा धरला होता आणि दुसऱ्या हाताने कोंडाजीचं मनगट. दांड्यावरच्या हातावरून कोंडाजीची नजर हलत नव्हती. एका वळणावर गाडी खड्ड्यात गेली आणि ती बोटं थरथरली.

"गाडीनं हालला," कोंडाजी मोठ्याने म्हणाला.

"काय रे दादा?"

"काय नाय. गाडीनं हालला तो."